समोरच्या भिंतीवरचा डोंगर

घाट बंद, गड बंद, सोसायटीचं फाटकसुद्धा बंद. तरी मी पहाटे पाचचा गजर बंद केला नाही. वीस वर्षं डोंगरांचे फोटो काढणारा माणूस लॉकडाउन लागलं म्हणून साडेआठला उठेल, हे मला मान्यच नव्हतं. रोज गॅलरीत ट्रायपॉड लावायचा, कॅमेरा पातळीत आणायचा आणि उजेडाची वाट बघायची, कड्यावर बघतो तशीच.

समोर फक्त शेजारच्या इमारतीची भिंत. पण सूर्य वर आला की तिरपं ऊन जेमतेम पाच मिनिटं तिला घासून जातं. तेवढ्यात गिलाव्याच्या पोपड्यांचे कडे होतात, ओलीच्या डागांच्या दऱ्या. इतकी वर्षं मी या उन्हासाठीच गाडी पळवत होतो. त्याला घराबाहेर पडायला पास लागत नाही.

त्याच इमारतीतल्या काकूंची गॅलरी भिंतीला लागून आहे. त्यांनी आठवडाभर सहन केलं आणि मग ओरडल्या, "अहो, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो कसले काढताय?" मी भिंतीचा फोटो त्यांना मोबाइलवर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची दोरी रिकामी होती. काकू चहाचा कप घेऊन भिंतीकडेच बघत उभ्या होत्या.

"कपडे आत वाळत घातलेत. काढा तुमचा डोंगर," त्या म्हणाल्या. "आणि लॉकडाउन उठलं तरी ही भिंत मी कुणाला रंगवू देणार नाही, सांगून ठेवते."