ऐकवल्याशिवाय पोस्ट नाही

सिद्धलिंगप्पा होटगी जंक्शनवर गुड्स क्लार्क होता आणि इंग्रजीतून गोष्टी लिहायचा. यातली पहिली बाब त्याच्या गावी सगळ्यांना माहीत होती आणि दुसरी कुणालाच नव्हती. माणूस इतका घाबरट, की मालगाडी वेळेवर आली तरी ह्याला वाटायचं, कुठंतरी काहीतरी बिघडलंय. सायकलला कुलूप लावून चार पावलं जायचा, परत यायचा, कुलूप ओढून बघायचा आणि मग ओढल्यामुळंच सैल झालं नसेल ना, म्हणून पुन्हा ओढायचा. असला माणूस लेखक कसा झाला, असं लोक विचारतील. माझं उत्तर असं, की तो लेखक व्हायला आलाच नव्हता. तो लपायला जागा शोधत होता आणि ती त्याला इंग्रजीत सापडली.

आमचं लेखनमंडळ दर शनिवारी संध्याकाळी चन्नवीरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसायचं. सातजण होतो. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या तेलुगू, एकाच्या दखनी, माझ्या घरी मराठी. लिहायचं कोणत्या भाषेत, यावर पहिले तीन शनिवार भांडणात गेले. शेवटी इंग्रजी ठरली. कारण ती कुणाच्याच घरची नाही, म्हणजे कुणाचाच मान जास्त नाही. "सगळ्यांनी सारखंच चुकायचं," चन्नवीर म्हणाला. हीच आमची घटना.

पहिलं वर्ष वाईट गेलं. मे महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत, आम्ही बर्फातून चालत येणाऱ्या नायिका लिहीत होतो. मग चन्नवीरच्या मेहुण्यानं सिंगापूरहून मासिकांचा एक गठ्ठा पाठवला. त्यात मनिला, कोलंबो, पेनांगकडची माणसं इंग्रजीत लिहीत होती आणि त्यांच्या इंग्रजीत भात शिजत होता. म्हाताऱ्या पान खात होत्या, सासवा टोमणे मारत होत्या, मासळीबाजारात भांडणं चालली होती आणि याबद्दल कुणी वाचकाची माफी मागत नव्हतं. आम्ही आळीपाळीनं वाचलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आपल्या आत्यालासुद्धा आणता येतं की इंग्रजीत!"

झालं. पुढचे सहा महिने सोलापुरातल्या एकाही नातेवाइकाची धडगत राहिली नाही.

चन्नवीरनं आपल्या ईश्वरप्पाकाकांच्या मोडलेल्या सोयरिकीवर गोष्ट लिहिली. ती एका कॉलेजच्या वार्षिकात छापून आली आणि काकांच्या नातवानं ती काकांना अर्थासकट वाचून दाखवली. पुढच्या शनिवारी काका काठी घेऊन हजर. त्यांनी एकाही टाइपरायटरला धक्का लावला नाही, लेखकाला मात्र लावला. त्याच दिवशी मंडळाचा नियम झाला. ज्याच्यावर लिहिलं, त्याला आधी त्याच्या भाषेत सगळी गोष्ट सांगायची. मंडळाचा एक सभासद साक्षीला न्यायचा. ऐकणाऱ्यानं शेवटच्या पानामागं सही करायची. चन्नवीरनं भिंतीवर कागदच लावला: 'ऐकवल्याशिवाय पोस्ट नाही.' आमच्या मंडळातली मराठी अशी ही एकच ओळ.

सिद्धलिंगप्पानं नियम वाचला आणि तो पांढरा पडला. पण त्यातून त्यानं वाट काढली. त्याची सात पानांची गोष्ट तयार होती. गोष्ट साधी. गावातली एक मुलगी सातवीची फायनल पास होते. मास्तरीण व्हायचं म्हणून ट्रेनिंग कॉलेजकडं अर्ज करते. पत्र येतं. धाकटा भाऊ ते वडिलांच्या हातात देतो. वडील ते न फोडता पाणी तापवायच्या चुलीत सारतात. मुलगी वाट बघत राहते. भाऊ बघत राहतो.

त्यानं ती वाचून दाखवली. चन्नवीरनं विचारलं, "कुणाची गोष्ट ही?"

"कल्पित," सिद्धलिंगप्पा म्हणाला.

"कल्पित गोष्टीला एवढा घाम येत नाही."

"उकडतंय."

कल्पिताला नियम लागू नव्हता. गोष्ट सिंगापूरच्या मासिकाकडं गेली. हे शहात्तर साल, आणीबाणीचं. पाचजण एका ठिकाणी जमले तरी रस्त्यावरच्या बुटांचा आवाज ऐकायचे असे दिवस, त्यात परदेशाहून पाकीट! होटगीच्या आख्ख्या स्टेशनानं ते हाताळून बघितलं. शनिवारी सिद्धलिंगप्पा ते बनियनच्या आत घालून आला. संपादकांनी लिहिलं होतं, की गोष्ट छापायची आमची इच्छा आहे, पण शेवटचं पान पटत नाही. मुलगा फार निरागस वाटतो. त्याच्याजवळ काहीतरी आहे, जे तो आम्हाला सांगत नाही. दुरुस्त प्रत या महिनाअखेर पाठवावी.

आम्ही टाळ्या वाजवल्या. हा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "अक्का आहे ती. माझी नागम्माक्का. वळसंगला असते. तिला अजून माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"पत्र घरात आलं होतं, हेच."

वडील वारले होते. पत्र आल्याचं जाणणारा घरात एकटा हाच उरला होता, आणि बावीस वर्षं ते घेऊन हिंडत होता. आई लवकर गेली, तेव्हापासून अक्कानंच ह्याला वाढवलं. तिला मामालाच दिली, ती गावातच राहिली, आणि 'मला न्हाय जमलं, तू तरी शीक' म्हणून ह्याला सोलापूरला पाठवलं. ज्या इंग्रजीत हा लपला होता, ती तिनंच शिकायला लावलेली.

"मग आधी अक्का," चन्नवीर म्हणाला.

"मी मंडळाचा राजीनामा देतो."

"दे. पण आधी अक्का."

"अरे, ती तुटली तर मला कोण आहे?" चन्नवीरनं माझ्याकडं बोट केलं. "मास्तर साक्षीला येतील." मी मराठी शाळेत मास्तर, कन्नड कळणारा आणि चेहऱ्यावरून निरुपद्रवी. माझीच निवड व्हायची होती.

रविवारी सकाळी आम्ही एस.टी.त बसलो. वळसंग काही लांब नाही, पण ह्यानं ते लांबवलं. प्रत्येक थांब्याला ह्याला उतरायचं होतं. एकदा स्टेशनात गुदामाची किल्ली आपल्याकडंच राहिली, अशी आठवण झाली. ती खिशात नव्हतीच.

"मास्तर, अर्धीच सांगितली तर? पत्र येईपर्यंत?"

"मग सही अर्ध्याच पानावर घ्यावी लागेल."

तो हसला नाही. खरं सांगायचं तर मलाही पुढच्या थांब्याला उतरावंसं वाटायला लागलं होतं. काठीवाल्या काकांना आपण चुकवू शकतो. अक्का आपल्याला शेंगा खायला देणार होती.

तिनं दिल्याच. अंगणात बसून ती बियाण्याच्या शेंगा फोडत होती. ठेंगणी, कपाळाला विभूती, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "या पाव्हणं, बसा की. ह्यो असा का दिसतोय? ताप हाय व्हय रे सिद्या?"

"गोष्ट सांगायला आलोय," तो म्हणाला.

"लहानपणी मी सांगत हुते. आता तू सांग."

त्यानं कागद मांडीवर घेतला आणि अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं सांगायला लागला. मुलगी पास झाली, इथं अक्का हसली. अर्ज लिहिला, इथं तिचं हसू थांबलं. शेंगा फुटत होत्या, टरफलं पडत होती. तो खाली मान घालून एकेक ओळ अशी काढत होता, जशी मालगाडीच्या वाघिणीतली पोती मोजून उतरवावीत. पत्र चुलीत गेलं तेव्हा टरफलांचा आवाज बंद झाला.

मी अंगणातल्या कोंबडीकडं बघत राहिलो. साक्षीदारानं कुठं बघायचं, हे नियमात नव्हतं.

"घरात आलं हुतं म्हंजे," अक्का म्हणाली. मग हातातली शेंग खाली ठेवून, "आप्पांनी जाळलं." आणि मग, "पुढं?"

"संपली."

"संपली कशी? बिरप्पा कुटं हाय?"

सिद्धलिंगप्पानं मान वर केली नाही. मला नाव नवीन होतं. अक्का माझ्याकडं वळली. "बिरप्पा म्हंजे आमचा पोस्टमन. मी रोज त्याला इचारायची, माजं पत्र? एक दिशी त्यो म्हनला, बाई, परवाच तुज्या भावाच्या हातात दिलं की. मी ह्याला बोलवलं. त्याच्या म्होरंच इचारलं." ती परत भावाकडं वळली. "त्यावेळी काय म्हनलास तू?"

तो कागदाची घडी घालायला लागला.

"सांग की. पाव्हण्यालाबी कळू दे."

"कोट्टिल्ल," तो म्हणाला. दिलं नाही. बत्तीस वर्षांचा माणूस, पण तो शब्द दहा वर्षांच्या पोराचाच निघाला.

संपादकाला समुद्रापलीकडून जे कमी वाटलं होतं, ते हे. बापानं जाळलं, हे त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. आपण खोटं बोललो, हे त्याला इंग्रजीतही लिहवलं नव्हतं.

अक्का उठली. ओच्यातली टरफलं झाडली, पदर सारखा केला आणि चालायला लागली. आम्ही मागोमाग. वाटेत तो माझ्या कानात म्हणाला, "बिरप्पाच्या घरी चाललीय. बावीस वर्षांत तिनं त्या दारात पाय ठेवला नाही. पोरीच्या लग्नालाही गेली नाही." अक्कानं त्या वेळी बिरप्पाविरुद्ध पोस्टात अर्जही केला होता. त्यातून निघालं काही नाही, पण गावाला चघळायला मिळालं. कुणाचंही पत्र चुकलं, की लोक म्हणायचे, बिरप्पाची पिशवी झटका, पडेल.

बिरप्पा दारात दोरी वळत बसला होता. रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. अक्काला बघून तो उभाच राहिला आणि दोरीचं टोक हातातून सुटलं.

"बिरप्पाण्णा, ह्यो काय म्हनतोय ऐका," अक्का म्हणाली. "सिद्या, पैल्यापासनं."

त्यानं पुन्हा सांगितली. मी तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होतो, पण या वेळी तिला शेवट होता. तो शब्द आला तेव्हा मला वाटलं, आता हा म्हातारा उठून मारणार. खरं तर मारलं असतं तर बरं झालं असतं, सगळ्यांना मोकळं वाटलं असतं. म्हातारा दोरी शोधत बसला. ती त्याच्या पायाशीच होती.

"मला वाटाय लागलं हुतं," तो म्हणाला, "की पडलंच असंल माज्याकडनं. लोकं इतकं म्हनत्यात तर असंल. रिटायर झालो त्या दिशी पिशवीचं अस्तर उसवून बघितलं मी."

अक्कानं तोंडाला पदर लावला. सिद्धलिंगप्पा वाकला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. म्हातारा पाय आखडून म्हणाला, "ते नगं. ह्ये छापून येनार म्हन्तोस?"

"येईल. नावं बदलतो आम्ही. तुमचं नाव—"

"माजं बदलू नगंस. गावात खराब झालं ते माजंच नाव हुतं की."

"लिही," अक्का म्हणाली. "हितंच."

मग बिरप्पाच्या कट्ट्यावर बसून, शेवटच्या पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत, सिद्धलिंगप्पानं तीन ओळी लिहिल्या. पेन दोनदा अडलं. अक्का उभीच होती. "काय लिवलंस, सांग." त्यानं सांगितलं. तिनं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि सही केली. गोल, सुटी, एका रेषेतली अक्षरं. फळ्यावर लिहिण्यासाठीच घडवलेली, आणि फळा कधी न मिळालेली. ते अक्षर बघून त्याच्या तोंडून 'अक्का' एवढंच आलं. ती वळली आणि घरी गेली. जेवायला चला, म्हणाली नाही. स्टँडपर्यंत पोचवायलाही आली नाही. भाऊ आला, की एस.टी. हलेपर्यंत खिडकीशी उभी राहणारी बाई ती. त्या दिवशी आमच्या खिडकीशी बिरप्पा उभा होता.

गोष्ट वेळेत पोचली आणि पुढच्या वर्षी छापून आली. बिरप्पाचं नाव जसंच्या तसं. मंडळानं पेढे वाटले. सिद्धलिंगप्पानं त्यातला अर्धाच खाल्ला आणि उरलेला हातात घेऊन बसला. कारण वळसंगचा कारभार आता असा चालला होता, की बावीस वर्षं बिरप्पाशी अबोला धरलेली अक्का बिरप्पाशी बोलत होती, आणि भावाशी बोलायचं ते बिरप्पामार्फत. हा दर रविवारी जायचा. ती ह्याच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि म्हाताऱ्याला म्हणायची, "बिरप्पाण्णा, इचारा त्याला, चटणी हवी का." म्हातारा विचारायचा. हा म्हाताऱ्याला सांगायचा. तिघं एकाच सोप्यात, हातभर अंतरावर. "आज चटणीचं विचारलं, मास्तर," हा सोमवारी मला सांगायचा. "मागच्या रविवारी तेही नव्हतं. बरं लक्षण आहे ना? का उलटं आहे?"

अंक घेऊन तो गेला, तेव्हा पुन्हा मला बरोबर नेलं. नियमात हे नव्हतं. अक्कानं अंक उघडला, पानं मोजली, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तो बिरप्पाकडं दिला. "म्हनावं, वाच."

बिरप्पाकडनं तो घेऊन सिद्धलिंगप्पानं वाचलं. एक ओळ इंग्रजीत, मग तीच घरच्या बोलीत. चूल आली, पत्र गेलं. मग पोस्टमन आला, आणि ह्याचा आवाज पाटातलं पाणी आटावं तसा उतरत गेला.

"बिरप्पाण्णा," अक्का म्हणाली, "त्याला म्हनावं, मोठ्यानं."