नानांची मोटार पुरी करणारे मधुकरराव

मधुकरराव कोणताही नट शेवटपर्यंत आवळत नसत. एक पीळ उरला की पाना तसाच नटावर ठेवून हाक मारत, "नाना, या. लावा हात." मग आमचे सासरे खुर्चीतून उठून थरथरत्या हातांनी पाना धरत, आणि पूजेत नवऱ्याच्या हाताला बायकोने हात लावावा तसे मधुकरराव त्यांच्या हाताला हात लावत. मी ओट्यावर चहा पीत म्हणायचो, "मोटार दुरुस्त होतेय की सत्यनारायण?" कुणी हसत नसे.

मधुकरराव माझे साडू. शिरपूरच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. आणि माझं जळगावात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान! एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. चाळीसगावच्या कुणा व्यापाऱ्याच्या गोठ्यात जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती जुनी विलायती मोटार नानांनी धुळ्याला आणली, अर्धीअधिक उभी केली, आणि त्यांचे हात कापू लागले. आता पुरी कोण करणार? थोरला जावई, त्यातून मोटारींतला माणूस; मी मनातल्या मनात तीत बसून दोनदा फिरूनही आलो होतो. म्हणालो, "नाना, सगळी खोलू, दुकानातलं नवंकोरं सामान घालू. दिवाळीला पळवू!"

मधुकररावांनी नुसतं विचारलं, "नाना, तुम्ही कुठवर आला होता?"

नाना माझ्याकडे वळले. "जवाईबापू, तुम्ही बठ्ठं नवं करशात, मंग मन्हं काय राही?" आणि किल्ली धाकट्या जावयाच्या हातात.

मग मी प्रत्येक भेटीत चुका शोधू लागलो. नानांनी डावं दार जरा तिरकं बसवलं होतं. "हे तरी सरळ करा," मी म्हटलं.

"भाऊ, ते नानांचं अक्षर आहे. आपण फक्त पुढची ओळ लिहायची."

असं बोलणारा साडू वैऱ्यालाही मिळू नये. माझी सख्खी बायको म्हणायची, "किती समजूतदार आहेत!" मी दुकानातला हॉर्न नेऊन दिला, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी आल्या होत्या, तेव्हा गाडी सुरू झाली. सगळे आत बसले. मला जागा होती. पण "माझी स्कूटर आहे," म्हणून मी मागून निघालो, कच्च्या रस्त्याने, तोंडभर धूळ खात. मागच्या काचेतून दिसलं, नाना मधुकररावांच्या कानाशी वाकले आणि गाडी एकदम मंदावली. "दमली!" मला कोण आनंद!

पुढे पुष्कळ वर्षांनी मधुकरराव अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तेव्हा राहवलं नाही. विचारलं, "तेव्हा नाना कानात काय म्हणाले हो?"

ते हसले. "म्हणाले, 'हयू चालाडा. मोठा जवाई मांगे शेतस, त्यास्ना डोयामा धूय जाई.' तुमच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून गाडी हळू घेतली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

थोड्याच दिवसांत ते गेले. शिरपूरला जाऊन मी रडलो, अगदी मनापासून. पण नानांनी माझी एवढी काळजी केली, तीही ह्यांच्याच कानात! गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. प्रयत्न चालू आहे.