इंदूमामीनं चिया उपवासात बसवला

नवा पदार्थ तोंडात घालण्याआधी इंदूमामी त्याची उलटतपासणी घेत असे. तो तळहातावर घ्यायचा, डोळ्यांजवळ न्यायचा आणि भर स्वयंपाकघरात मोठ्यानं विचारायचं, "कोन रं तू? गाव कुठलं?" ब्रोकोली पहिल्याच प्रश्नाला गारद झाली होती. मशरूम तर उंबऱ्यावरूनच माघारी गेलं. त्यामुळे नगरहून चियाची पुडी घेऊन मी शिंगणापूरला मामाच्या घरी गेलो, तो सगळी उत्तरं पाठ करूनच.

मामीनं चिमूटभर दाणे हातावर घेतले. खसखशीहून जरा मोठे, करडे, अंगावर नक्षी असलेले.

"सब्ज्याचा भाऊ दिसतोय," ती म्हणाली. "पन सब्जा निव्वळ काळा. ह्यो कबरा हाय. बोल बापू, ह्याचं वकीलपत्र तुज्याकडं ना?"

मी घसा खाकरून उभा राहिलो. हा मूळचा मेक्सिकोकडचा, पण आता आपल्याकडेही शेतात घेतात. तंतू भरपूर, प्रथिनं बऱ्यापैकी, कॅल्शियम आहे. शिवाय मासे न खाणाऱ्यांना लाभणारी ओमेगा-थ्री म्हणतात ती चांगली चरबी. पाण्यात टाकला की फुगतो आणि पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं.

"मंग आमच्या जवसात काय कमी हाय?"

"तसं... फारसं काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.

मामी खदाखदा हसली. पण पुडी तिनं परत केली नाही. तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं, आणि ते मामांच्या शनिवारासाठी होतं.

मामांचं देवळाच्या रस्त्यावर प्रसादाचं दुकान. शनिवारी गिऱ्हाईक तुटून पडतं आणि नेमका त्याच दिवशी मामांचा कडक उपवास. कडक म्हणजे काय? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी साबुदाण्याची खिचडी, मधल्या वेळी वेफर्स आणि गोड चहा. साखरेचा आजार जडला, पायाला झालेली जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की साबुदाणा बंद करा, नाहीतर पाय हातचा जाईल. मामा म्हणाले, "पाय जाऊ द्या. शनवार मोडनार न्हाई." मामीनं तो पाय रोज स्वतःच्या मांडीवर घेऊन धुतला होता. तिला पायही हवा होता आणि नवऱ्याचा शनिवारही.

जवस उपवासाला चालत नाही, हे गावात ठरलेलंच. चियाचं मात्र अजून कुणीच काही ठरवलं नव्हतं. मामीला फट दिसली ती तिथं.

डॉक्टरांना विचारून आली. ते म्हणाले, हे काही औषध नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण साबुदाण्याऐवजी खात असतील तर उत्तमच. मामीनं डबा भरून फळीवर ठेवला. आणि आमच्या मामांनी, बायको नळावर गेल्याचं बघून, ओव्याची फक्की मारतात तशी चियाची कोरडी फक्की मारली! वर घोटभर पाणी. दाणे घशातच फुगायला लागले. मामा डोळे पांढरे करून खांबाला धरून उभे. मामीनं येऊन पाठीत असे काही दणके घातले, की पुढं आठवडाभर मामा पाठच शेकत होते.

"पाव्हन्याला आधी पानी देत्यात," मामी दणक्यागणिक सांगत होती. "ह्यो लांबून आलेला पाव्हना हाय! आधी त्याला पानी पाजायचं, पोटभर फुगू द्यायचं, मंग घरात घ्यायचं! कळलं का?"

तेव्हापासून तिचा नियम झाला. चमचाभर चिया वाटीभर पाण्यात अर्धा तास. मग तो ताकात जिरं-सैंधव घालून, नाहीतर काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाबरोबर. राजगिऱ्याच्या थालीपिठात भिजलेला चिया घातला की पीठ असं धरून राहतं, की थालीपीठ तव्यावर तुटायचं नावच घेत नाही. इतर वारी तोच ज्वारीच्या भाकरीत. मी स्वतः खाल्लंय. चियाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, मामी म्हणायची, "लई गुनी पोर. ज्याच्या घरी जाईल त्याचं होऊन ऱ्हातं."

पण शिंगणापुरातली घरं तुम्हाला ठाऊक आहेत. दाराच्या जागी पडदा. कुणाच्या चुलीवर काय आहे हे गल्लीला घरच्यांआधी कळतं. एका शनिवारी पडदा सरकवून वच्छीआक्का आत आल्या. मामांची थोरली बहीण; नात्यानं माझी मावशी, पण सगळ्या गावाची आक्का. कुठल्या उपवासाला काय चालतं, याचा गावातला शेवटचा निकाल त्यांचा. मामाही त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी तिथंच जेवत होतो.

आक्कांनी मामांच्या वाटीत डोकावून पाहिलं. "इंदे, ही बेडकाची अंडी कशाला वाढलीस माज्या भावाला?"

"चिया हाय, आक्का."

"उपासाला चालतं व्हय? कुनाला इचारलंस?"

मामांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. आता खिचडी येणार. मामी मात्र पदर सावरून आक्कांसमोर बसली.

"तुमालाच इचारायचं हुतं. तुमी न्हाई म्हना, आत्ता वतून देते आन् साबुदाना टाकते. मी कोन ठरवनार?" मग तिनं मामांच्या पायावरचं धोतर जरासं वर सरकवलं. "फकस्त येवढं बघा आन् सांगा."

जखम कडेनं भरत आली होती. आक्कांनी वाकून ती कड नीट न्याहाळली. मग त्यांनी वाटी उचलली, बोट बुडवून चाटलं.

"मीठ कंचं?"

"सैंधव."

"आन् हे बी, धान्य तर न्हाई ना?"

"राजगिऱ्यासारखंच, आक्का. गवताच्या जातीचं न्हाई."

"मंग चालतंय," आक्का म्हणाल्या. "खा रं."

महिनाभरात गल्लीतल्या शनिवारी उपवास करणाऱ्या बायकांच्या ताकात चिया आला. आक्का सगळ्यांना सांगत फिरल्या, की हे मी चालू केलं. मी चिडून मामीला म्हणालो, "अगं, श्रेय सगळं त्यांनी नेलं!" मामी डोळा मारून म्हणाली, "नेऊ दे. मामाचा पाय माज्याकडंच हाय की."

मामी गेल्या हिवाळ्यात गेली. हृदयाचा झटका आला. कुणाला उठून काही करायलाही वेळ मिळाला नाही. मी पुढं एका शनिवारी मामांकडे बसलो होतो. मामा दुकानातून स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत आले होते आणि भिंतीला टेकून बसले होते. शेजारीण मायेनं साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन आली. "येकडाव खावा, मामा. कोन बघतंय आता?"

आक्का स्वयंपाकघरातून ताकाची वाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती मामांच्या हातात दिली आणि खिचडीचं ताट हातानंच मागं सारलं.

"ह्या घरात शनवारी साबुदाना न्हाई."

"का वो आक्का? उपासाला तर चालतोय!"

"मला नको सांगू काय चालतंय," आक्का म्हणाल्या. "आमच्या इंदूनं ठरवलंय."