दोनदा लिहिलेला पत्ता

इतक्या वर्षांनीही ते प्रकरण आठवलं की माझा गोंधळ उडतो. नव्वदच्या दशकात सिंगापूरच्या एका हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीत मी मेट्रन होते. बायकांची झडती घ्यायची आणि आपल्या माणसांचं बोलणं सार्जंटला सांगायचं, हे माझं काम. शिक्षण चौथी. इंग्रजी ऐकून बोलायला शिकले होते, वाचता फक्त आकडे यायचे.

तेव्हा हॉस्पिटलात कोण कुठल्या जागी जखमी झालं, याची मोजणी चालू होती. नोंदणीच्या कारकुनाने खबर दिली, की बिशान भागातल्या एकाच फ्लॅटमध्ये महिन्यात चार माणसं जखमी झाली. फ्लॅट रत्नागिरीकडच्या एका मावशींचा. यार्डात जहाजं दुरुस्त करणारे आपले फिटर तिथे राहायचे, जेवायचे. सार्जंट म्हणाला, "मारामाऱ्या होत असणार. सिद्ध झालं तर सरकार तिचा फ्लॅट काढून घेईल."

मावशींना चौकशीला बसवलं. मी विचारलं, "घरात भांडणं होतात का?"

"होतात की. सुरमईच्या मधल्या तुकडीवरून. तुम्हीपण या, बाई, हात मोडतो का बघू."

हे सार्जंटला कसं सांगावं, मला कळेना. प्लास्टर घातलेल्या एका फिटरला बोलावलं, तर तो प्लास्टरकडेच बघत बसला. खोटं कोण बोलतंय तेच समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकीत चहा सांडून माझाच पाय भाजला. केसपेपरवर माझ्या घराच्या ब्लॉकचा नंबर दोनदा दिसला. मी कारकुनाला विचारलं.

"दुसरा रकाना कुठे लागलं त्याचा. तिथे मी पत्ताच लिहितो. विचारत कोण बसणार?"

मी तर चौकीत भाजले होते. त्या चौघांचे कागद काढायला लावले. चारही कागदांवर मावशींच्या ब्लॉकचा नंबर दोनदा.

फिटरला पुन्हा विचारलं, "मग लागलं कुठे?"

"यार्डातली शिडी मोडकी आहे, ताई. चौघं तिच्यावरूनच पडलो. पण साहेबांना सांगू नका. कंपनी माझं कामाचं परमिट रद्द करेल."

सार्जंट माझ्या तोंडाकडे बघत होता. बाहेर बाकावर मावशी बसल्या होत्या. मी सांगून टाकलं.

मावशी सुटल्या. यार्डात नवी शिडी आली. पंधरा दिवसांत त्या फिटरचं परमिट रद्द होऊन तो घरी गेला.

त्यानंतर मावशी डबा घेऊन चौकीत आल्या. "मधली तुकडी आहे. हिच्यासाठी तोच भांडायचा."

जागा बरोबर लिहिली पाहिजे, हे मी शिकले. ती लिहिल्यावर ज्याच्या पोटावर पाय येतो त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तुकडी मी खाल्ली. चांगली झाली होती.