डायरेक्टरचे पिक्ट

डायरेक्टरला मी खुर्चीत बसलेलं आयुष्यात एकदाच पाहिलं. एरवी हा माणूस जेवायचा उभ्याने, फोनवर बोलायचा येरझाऱ्या घालत, आणि चहा तर त्याने कधी पूर्ण प्यायलाच नाही. मागायचा मात्र हौसेने. "ताई, आलं टाकून हं!" मग कप हातात घेऊन काहीतरी सांगत सुटायचा, सांगता सांगता तो कुठेतरी टेकवायचा आणि विसरून जायचा. तो घरातून गेला की मी कप शोधत फिरायची. खिडकीत, जिन्यावर, एकदा तर प्रेसमध्ये (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात), डाळींच्या डब्यांमागे! वर साय धरलेली. असा संताप यायचा! आता तो स्कॉटलंडला नोकरी घेऊन गेलाय. माझे कप जागच्या जागी असतात आणि मला अजिबात बरं वाटत नाही.

तेव्हा आम्ही आयर्लंडमध्ये एनिसला राहायचो, अजूनही राहतो. मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तो गॉलवेला. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. नळीवर कुठे ओरखडा नाही ना, हे दिवसभर भिंगातून बघायचं. या कामावर असा माणूस कोणी नेमला, देव जाणे. मूळचा अकोल्याचा, पुण्यात शिकलेला. त्याची बायको नीता म्हणायची, "लग्न ठरलं तेव्हा हा बसायचा हो!" आमचा कुणाचा विश्वास नव्हता.

एका सुट्टीत ही मंडळी स्कॉटलंड बघायला गेली. बाकीचे लोक तिकडून बिस्किटं आणतात, मफलर आणतात. हा पिक्ट घेऊन आला. तिथे कुठल्याशा शेतात त्याने एक उभा दगड पाहिला. त्यावर मासा, आरसा, फणी, आणि कुणालाच न लागणाऱ्या खुणा कोरलेल्या. पिक्ट म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथे राहणारे लोक. पुढे आयर्लंडहून गेलेल्या लोकांची भाषा तिथे पसरली आणि पिक्टांची पोरंबाळंही तीच बोलायला लागली. माणसं मेली नाहीत, नुसती बोलणं बदलून बसली. "दगड उरले, ताई, राजांची नावं उरली. पण आई पोराला जेवायला कशी हाक मारायची, ते गेलं!" हे त्याने मला आमच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा ऐकवलं, की माझी पोळी करपायची. आणि त्यावर तो पिक्चर काढणार होता. स्वतःच्या सुट्ट्या घालवून, आम्हा सगळ्यांच्या सुट्ट्या घालवून, छोटासाच, पण खरा.

गोष्ट अगदी साधी. एका गावातली म्हातारी, आपली भाषा बोलणारी शेवटची. तिची नात मठातल्या आयरिश साधूंकडे वाढलेली. म्हातारी नातीला दगडाशी नेते, त्यावरच्या खुणांचा अर्थ सांगते. नातीला सगळं समजतं, पण ती उत्तर देते साधूंच्या भाषेत. संपलं. नातीचं काम त्याची मुलगी रेवा करणार होती. तेरा वर्षांची, शाळेत आयरिश शिकलेली, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आणि म्हातारी कोण? तर मी! पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती मी तेव्हा. पण आमच्या मराठी मंडळातल्या बाकीच्या बायकांनी आधीच अंग काढून घेतलं होतं.

दगड बनवायचं काम आमच्या गणपतीच्या मखरवाल्यांनी अंगावर घेतलं. आता मखरवाल्यांना काय येतं? थर्माकोल! पुरुषभर उंचीचा देखणा दगड त्यांनी कापला, रंगवला, मासा तर इतका सुरेख काढला की तळून खावासा वाटावा. कॉनेमारात, गॉलवेच्या पश्चिमेला, समुद्रकाठी मार्टिन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आम्हाला मिळालं होतं. तिथे गाडीतून दगड काढून उभा केला मात्र, वारा असा आला की पिक्टांचा तो पुरातन ठेवा मेंढ्यांच्या डोक्यावरून उडत कुंपणापार गेला. मागे डायरेक्टर धावतोय, त्याच्यामागे मार्टिनचा कुत्रा. मार्टिन शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे दगड हलके असतात काय?" मग त्यानेच ट्रॅक्टरला बांधून एक अस्सल दगड ओढून आणला आणि मखरवाल्यांना तो रंगवायला लावला.

पिक्टांना अंग रंगवायची हौस होती म्हणे. माझ्याकडे वेशभूषाही होती, तेव्हा मी आईने पुण्याहून पाठवलेली कपड्यांची नीळ काढली आणि माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या, गालांवर छान वेलबुट्टी काढली. ती निघेचना! सोमवारी तो शॅननच्या ऑफिसात निळ्या गालांनी मीटिंगला बसला. साहेबाने अर्धा तास काही विचारलं नाही, मग हळूच म्हणाला, "घरी सगळं ग्रँड आहे ना?" ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ठीक. डायरेक्टरला हे सांगितलं तर त्याला हसू नाही, काही नाही. "म्हणजे रंग टिकतो," म्हणाला. "अजून एकदा लावू."

'अजून एकदा' हे त्याचं पालुपद. शूटिंग सोडाच, साध्या तालमीतही. आणि अडत होतं ते भाषेवर. पिक्टांची भाषा कुणालाच येत नाही, म्हणून त्याने मनानेच एक रचली होती. 'ग्रूम बाख तार' वगैरे. मी ते घोकून घोकून म्हणायची आणि रेवा ओठ चावून हसू दाबायची. तशात त्याची आई अकोल्याहून आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आजी तालमीला पलंगावर मांडी घालून बसल्या, माझं 'ग्रूम बाख' थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "काय वं माय, या बाईच्या पोटात दुखून राह्यलं का?" सगळे फुटले. डायरेक्टर तेवढा हसला नाही. थांबला. त्याच्या येरझाऱ्या थांबल्या म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी ओळखलं. मग आजी त्याच्याकडे वळल्या, "आन् तू बस ना जराकसा! किती उभा राह्यतं!"

"आई, तूच बोल," तो म्हणाला. "पिक्ट वऱ्हाडी बोलतील."

झालं! माझा रोल गेला. लुगडं मी शिवून उसवून पिक्ट केलं होतं, तेही आजींच्या मापाचं करून द्यावं लागलं. मी जाम भडकले होते. कॉनेमाराला जाताना गाडीत मी त्याला म्हटलंच, "अरे, आम्ही काय वेडे आहोत? बाराशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडात अकोला?" तो गाडी चालवत होता, म्हणजे नाइलाजाने बसला होता, ते काही मी बसण्यात धरत नाही. त्याने समोरचं वळण घेतलं. मग म्हणाला, "ताई, रेवा आईशी एक शब्द मराठीत बोललेली नाही. समजतं तिला सगळं. आई बोलते, ही 'याह, ग्रँड' म्हणते आणि फोन बघते. आई मला विचारते, पोट्टी माह्यावर रागावली का रे? आता व्हिसाचे किती दिवस राहिले? एकदा, एकदा तिने आईला आईच्या भाषेत उत्तर द्यावं, एवढंच आहे माझं. पिक्चर गेला उडत."

पण गंमत अशी, की त्याच्या पिक्चरमध्ये नातीने तेच करायचं नव्हतं. तिने आयरिशमध्येच 'समजलं, आजी' म्हणायचं होतं. 'तिगिम, अ वामो.' ते मार्टिनने तिच्याकडून घोटून घेतलं. त्याच्या घरात आयरिशच चालायची आणि त्याला आम्ही साधू केलं होतं. आजींचं बोलणं त्याला काडीचं समजत नव्हतं, पण प्रत्येक शॉटला झग्याच्या हातोप्याने डोळे पुसायचा. "माझी नातवंडं डब्लिनला असतात," एवढंच म्हणाला.

आजींनी संवाद कधी म्हटलाच नाही. दगडाशी उभं राहून माशाचा अर्थ सांगायचा, तर त्यांनी पहिल्याच शॉटला रेवाला डायरेक्टरच्या लहानपणीची गोष्ट सुरू केली. याने म्हणे दहा वर्षांचा असताना गल्लीत सिनेमा दाखवायचं ठरवलं. पडदा म्हणून आजींच्या रुखवतातली चादर काढली, मागे कंदील ठेवला... "कट! आई, दगडाचं बोल ना! अजून एकदा." दुसऱ्या शॉटला गोष्ट पुढे सरकली. कंदील कलंडला. तिसऱ्याला चादर पेटली. रेवाने गंभीर राहायचं, तर ती खुदकन हसली. पुन्हा कट. इकडे ऊन-पाऊस-ऊन असा आकाशाचा खेळ, कॅमेऱ्यावर छत्री धरून अभयचे हात गेलेले, डायरेक्टर दगडाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतोय. आणि रेवाच म्हणायला लागली, "वन मोर, बाबा?" तिला पुढची गोष्ट हवी होती! तिने फोन कधी गाडीत ठेवून दिला, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आजींचं विमान होतं. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी वारा एवढा, की उभं राहवत नव्हतं. आजींनी गोष्ट संपवली. चादर जळली, याला मार बसला, आणि त्याच संध्याकाळी याने दुसरी चादर मागितली. मग त्यांनी दगडावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच, डायरेक्टरने सांगितलं होतं तसं, नातीला विचारलं, "ध्यानात ठेवशीन ना वं, पोरी?"

रेवाने तोंड उघडलं. मार्टिनचे ओठ 'तिगिम' म्हणून हलले. आणि पोरगी म्हणाली, "ठेवीन ना वं, आजी."

अस्सल अकोला! कुठे उच्चारात ओरखडा नाही. मग पिक्ट नाही, पिक्चर नाही, आजींनी दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांशी नेले आणि कडाकडा बोटं मोडली. डायरेक्टर 'कट'ही म्हणाला नाही आणि 'अजून एकदा'ही म्हणाला नाही. पाऊस आला, तेव्हा कुठे आम्ही कॅमेरा झाकला.

मग त्याचे हाल सुरू झाले. आजी अकोल्याला परतल्या, आणि हा संगणकासमोर उभा राहून तो शेवट कापतोय, जोडतोय. आयरिश उत्तराचेही शॉट होते त्याच्याकडे, चांगले होते. "ताई, पिक्टांची भाषा गेली. नात आजीच्या भाषेत बोलली, तर ती गेलीच कशी? खोटं होतं ते." दोन मिनिटांनी पुन्हा, "पण माझी बोलली ना!" मी म्हटलं, मग दोन्ही ठेव. "पिक्चर आहे, ताई. थाळी नाही." असे महिने गेले. त्यात अकोल्याहून फोन आला आणि आजी गेल्याचं कळलं. तो जाऊन आला. आल्यावर पंधरा दिवसांत पिक्चर पूर्ण केला.

गॉलवेला एका छोट्या हॉलमध्ये तो दाखवला. आम्ही सगळे गेलो, मार्टिन सूट घालून आला होता. आणि मग तो शेवट आला. आजी विचारतात, आणि मग नुसता वारा. नातीचा चेहरा दिसत नाही, उत्तर ऐकू येत नाही, कुठल्याच भाषेतलं नाही. दिसतो फक्त आजींचा चेहरा, आणि मग ते हात वर जातात, बोटं मोडतात. आम्हा मराठी माणसांच्या रांगेत सगळ्यांची नाकं वाजायला लागली. बाकीच्या हॉलला काय कळलं असेल ते असो, टाळ्या मात्र खूप वाजल्या.

दिवे लागल्यावर एक वयस्कर गृहस्थ उठले. इतिहासाचे जाणकार असावेत. ती बोटं कानशिलांशी नेण्याची रीत फार विलक्षण वाटली म्हणाले. पिक्टांच्या दगडांवर तिचा काही पुरावा आहे का?

डायरेक्टर मागच्या भिंतीला टेकून उभा होता, अर्थातच. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं. पिक्टांवर रात्रंदिवस बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. सगळे मागे वळून बघायला लागले. तेव्हा रेवा उठली आणि आपल्या गॉलवेच्या इंग्रजीत म्हणाली, "ती अकोल्याची रीत आहे. माझ्या आजीची." गृहस्थांनी मान डोलावली आणि 'अकोला' लिहून घेतलं.

मग ती वळली. "बस ना बाबा जराकसा," एवढ्या हॉलमध्ये ती मोठ्याने म्हणाली, "किती उभा राह्यतं!"

शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट तिने उचलला, आणि डायरेक्टर येऊन बसला.