ठोकबाई आणि रव्याची चाळण

आधी बोटं मुडपून ठोकायची, मग मान तिरकी करून ऐकायची. समोर कपाट असो, पाण्याची टाकी असो, नाहीतर माझी धान्याची कोठी असो, ठोकल्याशिवाय बाईला चैन पडत नसे. कारेगावात सगळे तिला ठोकबाई म्हणायचे ते त्यामुळं. खरं नाव मलासुद्धा विचार करून आठवावं लागतं.

तिचा धंदा कम्प्युटर जोडायचा. कम्प्युटरला बाहेरून एक डबा असतो, त्याला कॅबिनेट म्हणतात. आतला सगळा माल त्यात बसवायचा. मी तिसरी शिकलेला माणूस, पण बैल पारखण्यात माझा हात धरणारा आमच्या शिवारात कोणी नव्हता, हे आजही ठासून सांगतो. म्हणून एकदा तिला हटकलं, "डब्यात काय बघायचं असतं गं एवढं? चार पत्रं आन् एक दार." तिनं मान वर न करता विचारलं, "आबा, तुम्ही नुसती शिंगं बघून बैल घेतला का कवा?"  

त्या दिवसापासून मी तिच्या दुकानात खुर्ची टाकून बसायला लागलो. गाळा माझाच होता, मला कोण उठवणार? तिची पारख बघण्यासारखी असे. पत्रा पातळ असला की ठोकल्यावर बोंबलतो, जाड असला की दबक्या आवाजात बोलतो. मग दोन कोपरे धरून पिळायची. डबा पीळ खायला लागला की तोंड वाकडं करायची. मग कापसाचा बोळा आतल्या कडांवरून फिरवायची. जिथं कापसाचे धागे अडकतील तिथं उद्या बोट कापणार. मागच्या बाजूनं वायरी न्यायला जागा आहे का, पुढं कधी जादा पंखा बसवायचा झाला तर कुठं कापता येईल आणि कुठं कापलं तर डब्याचा जीव जाईल, हे ती बोटानं चाचपून सांगायची. शेवटी पंखे चालू करून उदबत्ती लावायची. देवासाठी नव्हे. धूर कुठून आत जातो आणि कुठून बाहेर पडतो ते बघायला. जनावरं पारखणारे मी पुष्कळ पाहिले, वारा पारखणारं माणूस हेच पहिलं. मी विडी विझवून बघत बसायचो.

बाई मूळची दौंडकडच्या केडगावची. रांजणगावच्या एका कंपनीत लायनीवर कामाला होती. ते सोडून तिनं माझ्या चाळीतला रस्त्याकडचा गाळा भाड्यानं घेतला. सकाळी शटर उघडताना ती "जयभीम, आबा" म्हणायची, मी "रामराम" म्हणायचो, आणि दोघांचा दिवस सुरू व्हायचा. तिच्या आईला हा उद्योग पसंत नव्हता. लग्नसराई संपेपर्यंत दुकान उभं राहिलं नाही तर परत लायनीवर जायचं, असा शब्द आईनं तिच्याकडून घेतला होता. सुपरवायझरनंही जागा धरून ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक येत नव्हतं. लोक यायचे, बाई बघायचे आणि "मालक कुठं गेलं?" विचारून निघून जायचे.

अशात शूटिंगवाला बबन आला. सगळ्या पंचक्रोशीतल्या लग्नांची शूटिंग त्याची. त्याचा जुना कम्प्युटर लग्नाची फिल्म जोडता जोडता ऐन मंगलाष्टकात बंद पडायचा. त्यानं सगळा नवा माल आणि एक झगझगीत कॅबिनेट पुण्याहून आणलं होतं. पुढून अख्खी काच, आत रंगीत दिवे. फक्त जोडून पाहिजे होतं. ठोकबाईनं ठोकलं, पिळलं, कापूस फिरवला. सगळं ठीक. मग उदबत्ती लावली. धूर काचेपुढं आला आणि तिथंच घुटमळला.

"ह्याचं तोंड बंद हाय," बाई म्हणाली. "आत ऊन झालं की मशीन झोपणार. काच काढावी लागंल."

बबन उसळला. "काच? अगं, आईनं पूजा केलीय! बघ की, कुंकवानं स्वस्तिक काढलंय. ती काढू?"

मी बाईला बाजूला घेतलं. "तो म्हंतो तसं जोडून दे आन् मोकळी हो. तुझं काय जातंय?"

"नाव जातंय, आबा. मशीन बंद पडल्यावर तो काचंला शिव्या देणार न्हाई. मला देणार."

मी हट्टी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी माझ्याहून हट्टी माणूस भेटलं. ती बबनला घेऊन थेट त्याच्या आईकडं गेली, मीही मागं गेलो. म्हणाली, "मावशी, काच फोडत न्हाई. सबंध काढून तुमच्या हातात देते. देवापाशी ठेवा." म्हातारीनं थोडा विचार केला आणि पोराला म्हणाली, "देवाला काच काय आन् जाळी काय! तिला करू दे." बबन गुरगुरला, "बंद पडलं तर सगळ्या गावाला सांगीन, बाई."

काचेच्या जागी जाळी पाहिजे होती. आमच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर पळतात, नुसतं उघडं ठेवलं तर धूळ आत. म्हणून आम्ही बाजारच्या दिवशी जीपनं तळेगाव ढमढेरेला गेलो. चाळण्यांच्या पालापुढं बाई बसली आणि एकेक चाळण तोंडापुढं धरून फुंकायला लागली, पलीकडं तळहात धरून. दुकानदार म्हणाला, "ताई, पीठ चाळायचंय का विस्तू फुलवायचाय?" तिनं मैद्याची बारीक चाळण घेतली. मी म्हणालो, बारीक वाटतीय. ती म्हणाली, धूळपण बारीक हाय की.

ती जाळी बसवून मशीन बबनच्या पत्र्याच्या छपराच्या दुकानात, भर उन्हात, लग्न जोडायला लावलं. नवरी मांडवात आली, आणि पडदा काळा. बबननं हात जोडले. "झालं? आता मालकाला बोलव." दारात माणसं हसली. बाईचा चेहरा उतरला, पण तिनं मशीनवरून नजर हलवली नाही. जाळीवर तळहात धरून उभी राहिली. म्हणाली, "चूक माझी हाय. धूळ अडवायच्या नादात मी वारा अडवला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन भांड्यांच्या दुकानातून रव्याची चाळण घेऊन आली. चौकटीच्या मापानं कापताना जाळी मी धरली. "बोट कापंल, आबा, बाजूला बसा," म्हणाली. मी बसलो नाही. जाळी लागली, पंखे फिरले, बाईनं उदबत्ती पुढं धरली. धूर सुतासारखा सरळ आत गेला आणि मागून बाहेर पडला. त्या दुपारी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न एका दमात जुळलं. पत्रा तापून कडकड वाजत होता, मशीन चालूच. बबननं जाळीपुढं तळहात धरून वारा बघितला. मग म्हणाला, "ताई, चहा घेता का?" तोवर तो तिला अगं-तुगं करत होता.

आता तिचं दुकान दौंडला आहे, स्टेशनच्या बाजूला, मोठं. माझा गाळा तिला पुरेना झाला, आणि आईलाही तिथून जवळ. गाळा सोडला त्या दिवशी मी मुद्दाम मळ्यात गेलो होतो. निरोप देणं मला जमत नाही.

पण मला ती आठवते ती लग्नसराई संपल्यानंतरच्या एका सकाळची, माझ्या गाळ्यात गिऱ्हाईक यायला लागलं होतं तेव्हाची. कंपनीची बस चाळीपुढं थांबली. बायका चढल्या. सुपरवायझरनं खिडकीतून हाक मारली, "चला ताई, जागा धरलीय." बाई दुकानाच्या पायरीवर उभी होती, हातात स्क्रू-ड्रायव्हर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, परत दिला. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. बस गेली. धुरळा बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, आईला फोन लावून द्या. माझ्या हातात काम हाय." मी नंबर लावला. फोन तिच्या कानाला धरला.