शिवणवाल्या आत्यांचं ‘टेक’

आमच्या खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणतात. मापं घेताना तोंडात टाचण्या असतात, म्हणून गिऱ्हाइकाशी त्या भुवयांनी बोलतात. अशा आत्यांनी साठी उलटल्यावर इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. कारण एकच. परदेशात जन्मलेली नात पहिल्यांदाच राहायला येणार होती. पोरीला मराठीचा गंध नाही, आणि फोनवर आजी दिसली की ती टेबलाखाली पळायची. ती आपल्याजवळ येईल की नाही, या एका विचाराने आत्यांचा जीव टांगणीला लागला होता.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी शिकवायचं कबूल केलं. त्यांची पद्धत निराळी. पुस्तक नाही, पाठांतर नाही. एकच क्रियापद धरायचं आणि हातापायांनी वापरायचं. त्यांनी निवडलं ‘टेक’. संध्याकाळी मशीन झाकलं की शिकवणी सुरू. खुर्ची पुढे केली की ‘टेक अ सीट’, कात्री दिली की ‘टेक धिस’. औषध, फोटो, बस, सुट्टी, सगळ्याला तेच. एवढ्याशा शब्दाचा पसारा केवढा, म्हणून मी हसले, तर आत्या तुरपाईवरची नजर न काढता म्हणाल्या, “आपलं घेणं काय लहान आहे? दम घेतो, कानोसा घेतो, सुनेला फैलावर घेतो. त्यांनी एवढं तरी घेऊ नये?”

पण या पद्धतीत एक गोम निघाली. हातात वस्तू असल्याशिवाय आत्यांना शब्दच फुटेना. रिकाम्या हातांनी ‘टे’ म्हणायच्या आणि अडायच्या. पाहुणे यायच्या आत सुटेल, असं शिक्षिकाबाई म्हणत राहिल्या. सुटलं नाही.

नात आली ती आईच्या कोटाआड लपून. आत्यांनी दारात दोन्ही हात पसरले, तोंड उघडलं, आणि घोडं तिथेच अडलं. पोरगी आणखी मागे सरकली. आत्यांच्या मुलाने समजूत घातली, होईल हळूहळू. आत्या हसल्या, पण दिवसभर मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शर्टाला काज करून घ्यायला खाली गेले. नात लांब सोफ्यावर, आत्या मशीनपाशी. बटणांच्या डब्यात धुंडाळताना एक मोठं हिरवं बटण हाती लागलं आणि आत्यांच्या तोंडून सहज निघालं, “टेक धिस.”

पोरीने मान वर केली. आत्यांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. बोलावणं नाही, लाडीगोडी नाही. उसवलेली शिवण ओढायची नसते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. पोरगी उठली, बटण घेऊन परत जाऊन बसली. मग लाल रीळ. मग टेप. दर वेळी ती जरा अलीकडे बसत होती. खडू घेतला तेव्हा तर मशीनच्या पायाशीच बसकण मारली. मी काज विसरून उभीच.

सगळं तिच्या ओटीत गेल्यावर आत्यांकडे द्यायला काही उरलं नाही. रिकामे हात बघून त्या पुन्हा ‘टे’वरच अडल्या. पोरीने थोडी वाट पाहिली. मग तेच हिरवं बटण उचलून आजीच्या तळहातावर ठेवलं आणि अगदी आजीच्याच सुरात म्हणाली, “टेक धिस.”

आत्यांनी ते घेतलं, बटणही आणि हातही.

माझा शर्ट काजाविनाच परत आला.